खार जवळ येते ती कशामुळे

मोबाईलवर खारीचे व्हिडिओ सतत फिरत असतात. खार कुणाच्या तरी खांद्यावर बसून शेंगदाणा खाते आहे, मागे हळवं संगीत वाजतंय आणि खाली ओळ आहे, 'मुक्या जिवाला माया कळते.' इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर अशा वस्त्यांमध्ये मुलं पुण्याला-बंगळुरूला गेलेली आणि मागे आई किंवा वडील एकटेच, अशी घरं आता थोडी नाहीत. तिथे ओटल्यावर रोज येणारी खार ही खरोखर सोबत असते. म्हणूनच असे व्हिडिओ पाहून पुष्कळ जण तिला हातावर बोलवायला जातात. मग एकतर खार यायचीच बंद होते, नाहीतर बोटाला चावा बसतो.

एकटेपणा ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाचा त्रास असल्याचं सांगितलं आहे. माणसांच्या सहवासाला खार हा पर्याय नव्हे, पण दिवसाला एक ठरलेली वेळ देणारा, लक्ष गुंतवणारा जिवंत शेजारी ती नक्कीच होऊ शकते. त्यासाठी ती जवळ येते तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते समजून घ्यायला हवं. थोडक्यात सांगायचं तर ती मायेने येत नाही, भीती कमी झाली म्हणून येते. आणि भीती कमी कशी होते, याबद्दल विज्ञानाला बरंच काही ठाऊक आहे.

आधी खारीची ओळख. इंदुरात दिसते ती पाच पट्ट्यांची खार, शास्त्रीय नाव फुनाम्बुलस पेनान्टी. पाठीवर तीन ठळक फिकट पट्टे आणि दोन्ही कुशींवर एकेक अंधुक. दक्षिण भारतात आढळणारी तीन पट्ट्यांची खार ही वेगळी जात. वजन साधारण शंभर ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा, खाण्याच्या हिशेबात तो लागणार आहे. खार दिवसा वावरते, फळं, बिया, कोवळे कोंब, फुलं आणि किडे खाते, आणि कापूस, काथ्या, गवत, चिंध्या गोळा करून घरटं करते. शिक्रा, मांजर आणि साप हे तिचे नेहमीचे वैरी. शंभर ग्रॅमच्या या जिवाला दिवसातून कित्येकदा एकच निर्णय घ्यावा लागतो: थांबायचं की पळायचं.

पळण्याचा हिशेब

शत्रू दिसला की प्राणी पळतो, असं आपण धरून चालतो. रॉनल्ड यडेनबर्ग आणि लॉरेन्स डिल या दोघांनी १९८६ मध्ये याहून वेगळा विचार मांडला. प्राण्याला शत्रू आधीच दिसलेला असतो, पण तो लगेच पळत नाही, बघत थांबतो. कारण पळण्यालाही किंमत आहे. तोंडचा घास जातो, वेळ जातो, अंगातली ताकद खर्च होते. थांबण्याची किंमत म्हणजे पकडलं जाण्याचा धोका, आणि अंतर घटत जाईल तसा तो वाढत जातो. ज्या अंतरावर थांबणं हे पळण्यापेक्षा महाग पडू लागतं, तिथे प्राणी पळतो. याला पलायन अंतर म्हणतात, आणि ते फूटपट्टीने मोजता येतं.

डिल यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९८९ मध्ये करड्या खारींवर केलेलं काम आपल्या अंगणासाठी फार उपयोगाचं आहे. झाडापासून खार जितकी लांब, तितकी ती माणूस दूर असतानाच पळते. आपल्याकडे बहुतेक लोक नेमकं उलट करतात. वाटी स्वतःच्या पायाशी आणि झाडापासून लांब ठेवतात, आणि मग खार येत नाही म्हणून हिरमुसतात. वाटी झाडाच्या बुंध्यापासून किंवा खरबरीत भिंतीपासून मीटर-दीड मीटरवर ठेवावी. तुमची खुर्ची वाटीच्या दुसऱ्या बाजूला असावी. झाड आणि वाटी यांच्या मध्ये बसलात तर तुम्ही तिची परतीची वाटच अडवता.

करड्या खारींवरचाच १९८५ चा आणखी एक अभ्यास आहे. खारींना लहानमोठ्या आकाराचे खाद्याचे तुकडे दिले, तेव्हा लहान तुकडा त्या जागेवरच खात, मोठा तुकडा उचलून झाडाकडे नेत, आणि झाड जवळ असेल तर हे नेण्याचं प्रमाण वाढे. अख्खी शेंग टाकली की खार ती उचलते आणि जामाच्या, म्हणजे आपल्या पेरूच्या, झाडावर दिसेनाशी होते. तीच शेंग सोलून दाण्याचे चार-पाच तुकडे केले, तर ती एकेक तुकडा तिथेच, पुढच्या दोन पंजांत धरून, फिरवून फिरवून खाते. सोबत हवी असेल तर तुकडे लहान ठेवा.

सवय म्हणजे नेमकं काय

आता या लेखातला सर्वांत सुंदर भाग. रेल्वे रुळांजवळ राहणाऱ्याला रात्रीची गाडी ऐकू येईनाशी होते. कान तेच, आवाजही तेवढाच, पण मेंदू त्याला उत्तर देणं बंद करतो. वारंवार येणारी, ना त्रासाची ना फायद्याची गोष्ट दुर्लक्षित करायला शिकणं, हा शिकण्याचा सर्वांत साधा आणि सर्वांत जुना प्रकार. विज्ञानात याला सवयीकरण म्हणतात. रिचर्ड थॉम्पसन आणि विल्यम स्पेन्सर यांनी १९६६ मध्ये त्याची नऊ लक्षणं लिहून ठेवली. ती वाचताना वाटतं, कुणीतरी खारीला माणसाची सवय लावण्याचं पुस्तकच लिहिलंय.

पण आधी हे घडतं कुठे, ते पाहू. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी त्यासाठी अॅप्लिसिया नावाची समुद्री गोगलगाय निवडली, कारण तिच्या मज्जापेशी मोठ्या आणि एकेक ओळखता येतील अशा असतात. तिच्या शरीरावर एक नळी असते. नळीला स्पर्श केला की गोगलगाय कल्ला आत ओढून घेते. पुन्हा स्पर्श केला, पुन्हा ओढते, पण जरा कमी. दहाव्या स्पर्शापर्यंत जेमतेम हलते. स्नायू थकला का? नाही. त्वचा बधिर झाली का? तेही नाही. बदल झाला तो मधल्या जोडावर. स्पर्शाची खबर आणणाऱ्या पेशीच्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन बाहेर पडतं आणि स्नायू हलवणाऱ्या पेशीला जागं करतं. स्पर्श पुन्हापुन्हा झाल्यावर हे रसायन कमी-कमी सुटू लागतं. पलीकडची पेशी ते टिपायला पूर्वीइतकीच तत्पर असते, अलीकडची मात्र आवाज चढवत नाही.

ही झाली काही मिनिटांची सवय. कँडेल आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की रोज दहा स्पर्श असे चार दिवस दिले तर सवय तीन आठवड्यांहून अधिक टिकते. तेच चाळीस स्पर्श एका बैठकीत उरकले तर तितकी टिकत नाही. पुढे आतली रचनाही तपासली गेली. सवय न लावलेल्या गोगलगायीत खबर आणणाऱ्या पेशींपैकी सुमारे ९० टक्क्यांचा स्नायूच्या पेशीशी कामाचा जोड आढळतो, दीर्घकाळ सवय लागलेलीत तो सुमारे ३० टक्क्यांवर येतो. म्हणजे आठवण ही केवळ रसायनाच्या मात्रेत नसते, जोडांच्या संख्येतही असते. या कामासाठी कँडेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

खारीचा मेंदू गोगलगायीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा आहे, त्यामुळे पेशी-पेशीचा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. पण बाहेरून दिसणारं वागणं मात्र थॉम्पसन-स्पेन्सर यांच्या लक्षणांबरहुकूम चालतं. त्यातली चार अंगणात उपयोगी पडतात.

उत्तेजन जितकं सौम्य, तितकी सवय लवकर लागते. म्हणून सुरुवात लांबून करायची. दुसरं, सवयीत खंड पडला की जुनी प्रतिक्रिया आपोआप परतते. पंधरा दिवस मुलाकडे राहून आलात की खार पुन्हा लांबूनच पळते. ती रुसलेली नसते. नेम पुन्हा सुरू केला की दुसऱ्या वेळी सवय पहिल्यापेक्षा लवकर लागते. तिसरं, मध्येच काही वेगळं आणि जोरदार घडलं, स्टीलचं ताट पडलं, फाटक आपटलं, तर त्या आवाजाचीच नव्हे, तुमचीही भीती पुन्हा जागी होते. चौथं, सवय ही विशिष्ट गोष्टीची लागते. बसलेल्या तुमची सवय म्हणजे उभ्या तुमची सवय नव्हे. खुर्चीवरून एकदम उठलात तर खारीच्या लेखी एक नवाच प्राणी उभा राहतो.

याच्या उलटी प्रक्रियाही आहे. गोगलगायीच्या शेपटीला विजेचा झटका दिला की सेरोटोनिन हे रसायन सुटतं आणि तोच जोड अधिक जोरात काम करू लागतो. एका झटक्यानंतर हलका स्पर्शही पुरतो. खारीला पकडण्याचा एक प्रयत्न, शेपटीला लावलेला एक हात, आणि अनेक दिवसांची सवय पुसली जाते. हे नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं.

प्रत्यक्षात कसं करायचं

खारीच्या येण्याच्या वेळा आधी टिपा. सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर आणि दुपार कलल्यावर ती जास्त फिरते. इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या भर दुपारी ती सावलीत पडून असते. त्यातली एक वेळ निवडा आणि तीच पाळा, रोज वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं अधिक कामाची, कारण वर सांगितलंच.

पहिले काही दिवस फक्त वाटी ठेवा आणि घरात जाऊन खिडकीतून बघा. खार नेमाने यायला लागली की वाटीपासून पाच-सहा मीटरवर खुर्ची टाका. भिंतीला पाठ लावून, थोडं तिरकं बसा. रोखून बघू नका. समोरून रोखलेले दोन डोळे ही पुष्कळ प्राण्यांच्या लेखी शिकाऱ्याची खूण असते. भाजी निवडा, पेपर वाचा. अंगणात कोटा फरशी असेल तर फारच सोयीचं, फरशीची लांबी एकदा मोजून ठेवली की अंतर नुसत्या नजरेने कळतं. खार खाताना दर दोन-तीन सेकंदांनी ताठ होऊन थबकत असेल तर खुर्ची तिथेच राहू द्या. सलग खाऊ लागली, शेपूट सैल जमिनीवर टेकली, की दुसऱ्या दिवशी एक फरशी पुढे. त्या दिवशी ती आली नाही तर दोन फरश्या मागे.

वाटी ठेवताना रोज एकाच तऱ्हेचा आवाज करावा, चमचा वाटीवर दोनदा. हे मात्र सवयीकरण नव्हे. हा रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉवचा मार्ग, आवाज आणि अन्न यांची जोडणी. काही आठवड्यांत आवाजासरशी खार फांदीवर येते. 'तिला तिचं नाव कळतं' असं लोक म्हणतात ते बहुधा हेच असतं.

साधारण दीड-दोन मीटरवर थांबा. त्याहून जवळ आणायची गरज नाही, कारण बघण्यासारखं सगळं तिथून दिसतं. खार कडुनिंबाच्या खोडावरून डोकं खाली करून उतरते तेव्हा तिचे मागचे पाय पाहा. घोट्यापासून वळून तळवे मागे झालेले असतात आणि नखं वरच्या सालीत रुतलेली असतात, जणू ती मागच्या पायांनी स्वतःला टांगून उतरते आहे. खाताना दात दिसले तर पुढचा पृष्ठभाग नारिंगी-पिवळा दिसेल. कृंतक, म्हणजे कुरतडायच्या पुढच्या, दातांच्या पुढच्या बाजूच्या एनॅमलमध्ये लोह असतं, तिथला थर कठीण, मागचा मऊ, त्यामुळे मागची बाजू आधी झिजते आणि दाताला धार राहते. हे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणं हा तिचा खोडसाळपणा नसून गरज आहे. आणि तिची ती 'चिप-चिप-चिप' ऐका. शेपटीच्या प्रत्येक झटक्याबरोबर तोच सूर मिनिट-मिनिटभर चालू राहिला, तर भिंतीखाली मांजर किंवा वर शिक्रा शोधा. बहुतेकदा सापडतो.

खाणं

खाणं थोडंच द्यावं. शेंगदाण्याचा एक दाणा साधारण अर्धा ग्रॅम. दहा दाणे म्हणजे पाच ग्रॅम, शंभर ग्रॅमच्या खारीच्या वजनाचे पाच टक्के. साठ किलोच्या माणसाने एका बैठकीत तीन किलो दाणे खाण्यासारखं आहे हे. दिवसाला दोन-तीन दाण्यांचे तुकडे, एक पेरूची फोड, कधी काकडी, इतकं पुरे. बाकीचं तिचं तिला शोधू द्या.

दाण्यांचा दुसरा प्रश्न कॅल्शियमचा. १०० ग्रॅम शेंगदाण्यात फॉस्फरस ३७५ मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ९० च्या. शरीराला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं असतं. हे प्रमाण सतत उलटं राहिलं तर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं आणि हाडं ठिसूळ होतात. पिंजऱ्यात दाण्यांवर वाढवलेल्या खारींमध्ये हा आजार नेहमीचा. मोकळ्या खारीला तो सहसा होत नाही, कारण ती साल, कोंब, किडेही खाते. खारीला पिंजऱ्यात घालू नये याचं हे एक कारण. ती वन्य प्राणी आहे आणि वन्य प्राणी पकडून पाळणं कायद्यालाही धरून नाही.

पावसाळ्यात दाण्यांवर बुरशी धरते. अॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजून ते पूर्ण नष्ट होत नाही. काळपट, सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा कचऱ्यात जावा. शेव, फरसाण, बिस्किट, पोहे यांतलं काहीही देऊ नये. इंदुरात हे सांगणं आवश्यकच आहे. शंभर ग्रॅमच्या शरीराला त्यातलं मीठ आणि तेल झेपत नाही. दूधही नको.

पाणी मात्र जरूर ठेवा. मातीचा पसरट सकोरा, तीन-चार सेंटीमीटर खोल, मध्ये एक दगड. पाणी रोज बदला आणि आतला कड घासा, नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूचा एडिस डास अंडी कडेला चिकटवतो. सूर्यास्तापूर्वी वाटी उचला, नाहीतर रात्री तीच वाटी उंदरांची होते आणि उंदरांच्या मुताबरोबर लेप्टोस्पायरोसिसचा धोका येतो.

कुठे बिघडतं

हातावर खाऊ देणं हे पहिलं. खारीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. चौफेर दिसतं, पण अगदी नाकासमोरच्या गोष्टीसाठी ती वास आणि मिशांवर जास्त विसंबते. दाण्याचा वास लागलेलं बोट तिला दाणाच वाटू शकतं. चावा बसलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जा. खारीच्या चाव्यातून रेबीज होण्याची शक्यता अत्यंत कमी असते, पण धनुर्वाताचं इंजेक्शन लागू शकतं. मुंगसाची गोष्ट निराळी. त्याच्या चाव्याला कुत्र्याच्या चाव्याइतकंच गंभीर धरावं, आणि मुंगूस दिसणं शुभ म्हणून त्याला जवळ बोलावू नये.

घरात किंवा शेजारी मोकळं मांजर असेल तर हा उद्योग सुरूच करू नका. गच्चीवरची टाकी झाकलेली हवी. पाण्याला आलेली खार प्लास्टिकच्या गुळगुळीत टाकीतून बाहेर पडू शकत नाही. विजेच्या उघड्या तारा पाइपात घाला. घरट्यासाठी ती पडदे आणि गादीचा कापूस ओढत असेल तर काथ्याचे बोटभर लांबीचे तुकडे फांदीच्या बेचक्यात ठेवून पाहा. लांब दोरे ठेवू नका, पिल्लांच्या पायांत गुंततात.

पिल्लू खाली पडलं की आपल्याकडे हमखास सांगतात, 'हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई टाकते.' हे खरं नाही. आई खार पिल्लाला तोंडात धरून परत नेते, तुमच्या हाताचा वास आला तरीही. पिल्लू उथळ खोक्यात, मऊ कापडावर ठेवा. अंगाला गार लागत असेल तर कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारी ठेवा. खोकं त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवून लांब जा आणि अंधार पडेपर्यंत लक्ष ठेवा. ड्रॉपरने दूध पाजू नका, ते फुप्फुसात जाऊन पिल्लं दगावतात. आई आलीच नाही तर वन विभागाला कळवा.

आता मायेबद्दल. कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघतात तेव्हा दोघांतही ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसं आढळलं नाही. कुत्र्यामागे हजारो वर्षांचा माणसाळण्याचा इतिहास आहे, खारीमागे नाही. 'खारीला दाणे घाला, ऑक्सिटोसिन वाढवा' असं सांगणारे हा फरक गाळून टाकतात. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असंही दाखवलं की एकटेपणा जाणवत असलेली माणसं आपल्या प्राण्यात समजूतदारपणा, सहानुभूती असे आधार देणारे गुण अधिक पाहतात. यात लाजण्यासारखं काही नाही. माणसाचं मन सोबत अशीच शोधतं. मात्र खारीकडून तुमची समजूत घालण्याची अपेक्षा ठेवली, तर ती आली नाही त्या दिवशी उगाच मनाला लागतं. तिच्या न येण्याला बहुतेक वेळा मांजर, पाऊस, पिल्लं किंवा शेजारचा पिकलेला आंबा कारण असतो.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, खुर्चीपासून वाटीपर्यंतच्या फरश्या, खार किती वेळा थबकली, आणि त्या दिवशी काही आवाज झाला का, एवढे पाच रकाने पुरतात. महिन्याभराच्या नोंदींत थॉम्पसन-स्पेन्सर यांची लक्षणं स्वतःच्या अंगणात सापडू लागतात: दिवाळीच्या फटाक्यांनंतर अंतर कसं वाढलं, गावाहून परतल्यावर किती दिवसांनी पूर्ववत झालं. एकाच झाडावरच्या दोन खारींमध्येही फरक दिसेल. एक धीट, एक बुजरी, आणि हा स्वभाव बऱ्यापैकी टिकून राहतो. त्या ओळखायला कानाची चिरलेली कड, शेपटीचं तुटलेलं टोक अशा खुणा शोधा. दोघींची पानं वहीत वेगळी ठेवा, आणि खुर्ची कुठे टाकायची ते बुजरीच्या आकड्यावरून ठरवा.